आनंदीबाईंच्या लुगड्याचा रंग

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे, कडूही आहे, आणि त्याचा रोख काही अंशी माझ्याकडेच आहे. कसा, ते ओघात येईल.

गेल्या पंधरा दिवसांत एकच चित्र मला निरनिराळ्या दिशांनी येऊन पोहोचले. डॉ. आनंदीबाई जोशी एकट्याच बसलेल्या. अंगावर पाचूसारखे हिरवे लुगडे, गालांवर गुलाबी झाक, त्वचा अशी नितळ की एखाद्या साबणाच्या जाहिरातीत शोभावी. पाठीमागे निळसर धुके. खाली ओळ : 'प्रथमच मूळ रंगांत'. त्याखाली हजारोंनी पसंती. कोणाच्या अंगावर काटा आलेला, कोणाला बाई आता बोलतील असे वाटलेले. पाठवणाऱ्यांपैकी बरेच जण या धाग्यांचे नित्य वाचक आहेत, म्हणून हा प्रपंच.

माझा आक्षेप त्या ओळीतील 'मूळ' या शब्दाला आहे. या चित्रात मूळ म्हणावे असे काय उरले आहे, ते आधी पाहू.

मूळ छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५ रोजीचे. स्थळ अमेरिकेतील फिलाडेल्फिया, संस्था 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'. आज ते त्याच शहरातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात जतन केलेले आहे. त्यात आनंदीबाई एकट्या नाहीत. डावीकडे आनंदीबाई, मध्ये जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लामबुली. तिघीही त्या कॉलेजच्या विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशीच्या वेशात, आणि तिघीही पुढे पदवीधर झालेल्या.

चित्राखाली तिघींची नावे आणि गावे इंग्रजीत आहेत. त्या थोड्याशा अक्षरांत इतक्या चुका आहेत की इतिहासाच्या विद्यार्थ्याला हर्षच व्हावा. आनंदीबाईंचे नाव 'आनंदाबाई' झाले आहे. सबात यांचे 'तबात' झाले आहे. आनंदीबाईंच्या नावाखालचे गाव तर 'सेरानिसोर' असे वाचावे लागते. असे गाव भूगोलात नाही. हे बंगालमधले सिरामपूर. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते, ते दांपत्य तेथे राहत होते, आणि अमेरिकेला निघण्यापूर्वीचा आनंदीबाईंचा पत्ता तोच होता. कल्याणात जन्मलेल्या, मराठी घरातल्या या मुलीची नोंद अमेरिकेच्या कागदावर बंगालची म्हणून झाली, हे त्या एका अशुद्ध शब्दातून कळते.

याहून मोठी गंमत पुढे आहे. तिन्ही नावांच्या आधी 'डॉ.' लावलेले आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे चित्र १८८५ चे असले तरी त्याखालची अक्षरे निदान पाच वर्षांनंतरची असली पाहिजेत (किंवा लिहिणारा फारच आशावादी असला पाहिजे). तोवर आनंदीबाईंना जाऊन तीन वर्षे लोटली होती. कोणीतरी मागाहून, त्या तिघींच्या पदव्या ठाऊक असताना, हे चित्र पुन्हा हाती घेतले आणि त्याला नावे दिली. एका छायाचित्रात दोन काळ आहेत. एक काचेवरचा, एक अक्षरांचा.

आता तुमच्या हिरव्या चित्राकडे या. खालची अक्षरे कापलेली. ओकामी कापलेल्या. इस्लामबुली कापलेल्या. १८८५ साली तीन दूरदेशींच्या मुली एका कॉलेजात वैद्यक शिकत होत्या, हे त्या चित्राचे खरे सांगणे. त्यातून दोघींना बाहेर काढले की उरते एक एकाकी मूर्ती, हार घालण्यास सोयीची. ज्या कॉलेजने तिघींना दार उघडले, तेही त्या कापाकापीत नाहीसे होते. सॉफ्टवेअरमध्ये या कृतीला 'क्रॉप' म्हणतात आणि ती अडीच सेकंदांत होते. जुन्या कागदांच्या भाषेत तिला दप्तर फाडणे म्हणतात.

बरे, रंगांचे काय?

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्याला वाटते की कृष्णधवल चित्रातल्या करड्या छटांत मूळ रंग कुठेतरी दडून बसलेला आहे आणि यंत्र तो शोधून काढते. आजच्या कॅमेऱ्याने काढलेल्या कृष्णधवल चित्राबाबतही हे पुरते खरे नाही. दोन वेगवेगळे रंग एकाच करड्या छटेत उतरू शकतात. एकोणिसाव्या शतकातल्या चित्राबाबत तर ते अगदीच चूक आहे. त्या काळच्या सर्वसाधारण काचा, ओल्या असोत वा कोरड्या, निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच मुख्यतः ओळखत. पिवळा त्यांना अंधूक दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला अधिक रंग दिसू लागतात, हे हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये दाखवून दिले. पण तांबड्यासह सर्व रंग पाहू शकणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडले.

याचा अर्थ काय, ते आपल्या घरच्या वस्तूंवर लावून पाहा. कपाळीचे तांबडे कुंकू अशा काचेवर काळे उमटते. निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे उमटते. गडद निळे वस्त्र प्रत्यक्षाहून फिके दिसते आणि उजळ तांबडे वस्त्र काळपट दिसते. त्वचेतली तांबूस छटादेखील काचेला दिसत नाही, म्हणून माणसे होती त्याहून सावळी भासतात. काळ्या दिसणाऱ्या लुगड्याचा रंग तांबडा असेल, हिरवा असेल, किंवा खरोखरच काळा असेल. काच त्यांत फरक करीत नाही.

आणि रंग भरणारे यंत्र कशावर शिकलेले असते? लाखो अलीकडच्या रंगीत छायाचित्रांवर. ती आधी करडी केली जातात, मग कोणत्या करड्याच्या जागी बहुधा कोणता रंग असतो, हे यंत्राला पढवले जाते. म्हणजे ते आजच्या करड्याची लिपी शिकलेले असते. १८८५ च्या काचेची लिपी निराळी आहे. मोडी न येणाऱ्याने बाळबोधच्या आधारे मोडी पत्र 'वाचावे' आणि आपण ते ऐकून डोळे पुसावेत, असला हा प्रकार.

एखादा म्हणेल, लुगडे हिरवे काय नि जांभळे काय, एवढे काय बिघडले? आनंदीबाईंच्या बाबतीत बरेच बिघडते. अमेरिकेस निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांनी सिरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण केले होते. वय अठरा पुरे नव्हते. एकटी बाई समुद्रापार जाते, म्हणजे बाटणार, या गिल्ल्याला त्यांनी भरसभेत उत्तर दिले : हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, आचार, आहार आणि पोशाख बदलणार नाही. त्या छायाचित्रात त्यांच्या अंगावर जे आहे, ते फिलाडेल्फियाच्या थंडीत पाळलेले हे वचन आहे. त्यांच्या सगळ्या चित्रात अक्षरशः जाणूनबुजून केलेले असे काही असेल, तर तो वेश. त्यावर एका अनोळखी यंत्राने अदमासे रंग ओतावा आणि आपण त्याला 'मूळ' म्हणावे?

चेहऱ्याची कथा रंगाहून गंभीर आहे. 'एन्हान्स' नावाचे बटण दाबले की अंधूक चेहरा लख्ख होतो, पापण्या मोजता येतात. त्या पापण्या कोठून आल्या? मूळ चित्रात त्या नव्हत्याच. यंत्राने पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांची सरासरी तेथे आणून बसवलेली असते. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अशी एक प्रणाली तयार झाली. अंधूक चौकटींतून ती सुस्पष्ट चेहरा घडवी. लोकांनी तिला बराक ओबामांचे मुद्दाम अंधूक केलेले छायाचित्र दिले. बाहेर आला तो एक गोरा गृहस्थ. चित्र अत्यंत स्पष्ट होते. माणूस दुसराच होता.

ओबामांचा चेहरा जगाला पाठ आहे म्हणून ती चूक पकडली गेली. आनंदीबाईंचा, रमाबाईंचा, तुमच्या पणजीचा चेहरा कोणाला पाठ आहे? २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने आनंदीबाई पुण्यात वारल्या. हे छायाचित्र त्याच्या सोळा महिने आधीचे. त्या चेहऱ्यावर परदेशातल्या कष्टांनी किंवा आजाराने काही लिहिले होते की नाही, हा एखाद्या चरित्रकाराला पडणारा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचा शोध घ्यायचा तर तो मूळ चित्रावरच घ्यावा लागेल. साबणाच्या जाहिरातीतल्या गालांवर तो घेता येणार नाही.

हे खेळ किती दूर जाऊ शकतात, त्याचे एक उदाहरण सांगतो आणि लगेच पुढे जातो, कारण ते सांगवत नाही. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीत तुओल स्लेंग या तुरुंगात हजारो माणसांना आणले गेले, प्रत्येकाचे छायाचित्र घेतले गेले आणि जवळजवळ सर्वांना मारले गेले. २०२१ मध्ये युरोपातल्या एका कलावंताने त्यांतली काही छायाचित्रे रंगवली. रंगवताना काही चेहऱ्यांवर हसू आणले. एका मोठ्या वृत्तसंकेतस्थळाने ती छापली. मृतांचे नातेवाईक आणि कंबोडियाचे सरकार संतापल्यावर ती काढून टाकली. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हसवणारे साधन आणि आजोबांच्या चित्राला डोळे मिचकावायला लावणारे साधन एकाच जातीचे आहे.

आता तुमच्या उत्तरांकडे वळतो, कारण ती मला ठाऊक आहेत. मीही ती देत असे.

पहिले उत्तर : रंग नसतील तर तरुण पिढी इतिहासाकडे वळणार नाही. हे वाचणारे तुम्ही सर्व तरुण आहात. काचेवर कुंकू काळे उमटते, हे वाचून तुम्हांला कंटाळा आला का? 'सेरानिसोर' म्हणजे सिरामपूर, हे उलगडताना डोळे मिटले का? तरुणांना अस्सल वस्तू पेलवत नाही, हे गृहीतच तरुणांचा अपमान करणारे आहे, आणि नवल म्हणजे ते बहुधा तरुणच मांडतात.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. छायाचित्रे रंगवण्याची चाल जुनी आहे, आपल्याकडे तर फारच. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रगृहांत रंगारी नेमलेले असत. राजेमहाराजांच्या, सावकारांच्या तसबिरींवर कुंचल्याने जलरंग, तैलरंग, क्वचित सोनेरी वर्ख चढे. मग आजच्या रंगाऱ्याने काय पाप केले? उत्तर असे की त्या तसबिरींवरचा कुंचला दिसतो. दागिन्यावरचा रंग उंचावलेला दिसतो, गालिच्याची नक्षी हाताने काढलेली दिसते. पाहणाऱ्याला ठाऊक असते की खाली छायाचित्र आहे आणि वर रंगाऱ्याचा हात. शिवाय रंगारी अनेकदा त्याच गावातला, त्याच काळातला. फेट्याचा रंग तो विचारून भरू शकत होता. आजचे यंत्र कोणाला विचारते? त्याचा सगळा डौल असा की कुंचला दिसूच नये.

तिसरे उत्तर सर्वांत चतुर : कॅमेरा पहिल्या दिवसापासून खोटे बोलतो, मग आमच्यावरच डोळे का? खरे आहे, बोलतो. १८४० मध्येच इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थाने स्वतःला बुडून मेलेला दाखवणारे छायाचित्र काढले होते. लखनौच्या सिकंदरबागेचे फेलिचे बिआतोचे विख्यात छायाचित्र १८५८ चे. अंगणात पसरलेल्या मानवी अस्थी पाहून छाती दडपते. पण तेथील कत्तल नोव्हेंबर १८५७ मधली, आणि चित्रासाठी त्या अस्थी पुन्हा बाहेर काढून मांडल्या गेल्या, असे अभ्यासक मानतात. स्टालिनच्या रशियात तर मोस्क्वा कालव्याच्या काठी त्याच्या शेजारून चालणारा येझोव्ह मरणानंतर चित्रातूनही गेला. त्याच्या जागी पाणी आले.

परंतु हे आपल्याला कळले कसे? येझोव्ह नाहीसा झाल्याचे कळते ते येझोव्ह असलेली प्रत उरली म्हणून. या बाबतीत मला सर्वांत प्रिय असलेली कथा क्रिमियाची आहे. १८५५ मध्ये रॉजर फेंटन याने युद्धभूमीवरच्या एका ओसाड दरीची दोन छायाचित्रे घेतली. कॅमेरा एकाच जागी. एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या खळग्यात आहेत, दुसऱ्यात रस्त्यावर विखुरलेले. आधी कोणते? रस्त्यावरचे गोळे फेंटनने परिणामासाठी मांडले, की आधी तेथे असलेले गोळे कोणी उचलून नेले? दीड शतक लोक मतेच देत राहिले. २००७ मध्ये एरॉल मॉरिस या चित्रपटकाराने प्रश्न धसास लावला. उत्तर मिळाले ते उतारावरच्या क्षुल्लक खड्यांत. एका चित्रात काही खडे वर आहेत, दुसऱ्यात तेच खडे घरंगळून किंचित खाली आलेले आहेत. माणसे उतारावर वावरली, पायांनी खडे सरकले. खडा खालून वर जात नाही. म्हणून रस्ता मोकळा असलेले चित्र आधीचे, गोळे रस्त्यावर असलेले नंतरचे.

आता कल्पना करा, दोन्ही चित्रे कोणा उत्साही माणसाने 'डिनॉईज' करून, गुळगुळीत करून, चौपट मोठी करून पसरवली असती आणि मूळ हरवली असती. ते खडे म्हणजे यंत्राच्या लेखी कचरा. ते पुसले गेले असते, किंवा त्यांच्या जागी सरासरीचे सुंदर खडे आले असते. कोणता तपशील पुढे साक्षीदार ठरेल, हे आज कोणालाही सांगता येत नाही. हाच जुन्या साधनाला हात न लावण्याचा सर्वांत मोठा युक्तिवाद.

आपल्या भूमीला ही शिस्त परकी नाही. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली. नावातच 'साधने' आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. देशभरच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले गेले, प्रक्षिप्त वाटलेले श्लोक मूळ संहितेतून बाजूला काढले गेले. पण ते फेकून दिले नाहीत. प्रत्येक पाठभेद कोणत्या पोथीत आहे, ते पानाच्या तळाशी नोंदले. संपादकाशी भांडायचे असेल तर भांडण्याची सामग्री संपादकानेच वाचकाच्या हाती ठेवली. संपादन याचा हा अर्थ आहे. फोटो 'एडिट' करणारा स्वतःला संपादक म्हणवत असेल, तर त्याच्या तळटीपा कुठे आहेत?

तळटीप नसली की काय होते, ते राणी लक्ष्मीबाईंच्या 'एकमेव अस्सल छायाचित्रा'वरून दिसते. ते तुम्ही पाहिले आहे. तुमच्यापैकी काहींच्या प्रोफाइलवर आहे. सांगणे असे की ते १८५० मध्ये हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने काढले. काही ठिकाणी कलकत्त्याच्या 'जॉन्स्टन अँड हॉफमन' या पेढीचे नाव येते. ही पेढी खरोखर होती आणि नामांकित होती. पण ती सुरू झाली १८८२ च्या सुमारास. राणीने जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरीत देह ठेवला. मधल्या चोवीस वर्षांचे काय करायचे? शिवाय १८५० मध्ये गंगाधरराव हयात होते. झाशीच्या कारभाराची सूत्रे राणीकडे येण्यास अजून तीन वर्षे होती.

हे सगळे पूर्वीपासून सांगितले जात आहे. तरी ते चित्र मागे हटत नाही, आणि गेल्या काही वर्षांत तर ते नव्या जोमाने फिरते आहे, कारण आता ते स्पष्ट झाले आहे, रंगीत झाले आहे, पापण्या लवू लागल्या आहेत. पुरावा तेवढाच आहे, म्हणजे शून्य. चकाकी मात्र दरवर्षी वाढते. आणि राणीला पाहिलेल्या माणसाची साक्ष अडगळीत पडते. जॉन लँग हा वकील १८५४ मध्ये झाशीस आला होता. पडदा क्षणभर सरकला तेव्हा राणी त्याला ओझरती दिसली. मध्यम बांधा, वाटोळा चेहरा, फार गोरा नव्हे पण काळाही नव्हे असा वर्ण, साधे पांढरे मलमलीचे वस्त्र, कानांतल्या सोन्याखेरीज दागिना नाही, असे त्याने लिहून ठेवले. ही साक्षही तपासून घ्यावी अशीच आहे. पण ती साक्ष आहे. तिला कोणी पसंती देत नाही.

शिवछत्रपतींच्या 'खऱ्या छायाचित्रा'विषयी मी एवढेच म्हणतो की महाराज १६८० मध्ये निवर्तले आणि छायाचित्रणाची घोषणा १८३९ मध्ये झाली. दरम्यानच्या १५९ वर्षांना उडी मारणारे चित्र पाठवताना निदान त्याला 'कल्पनाचित्र' म्हणा. समकालीन चित्रकारांनी काढलेली महाराजांची चित्रे उपलब्ध आहेत. ती पाहा. नाक कसे काढले आहे, जिरेटोप कसा आहे, दोन चित्रांत काय जुळते, काय जुळत नाही, यात एक अख्खी रात्र सुखाने जाते.

आता घरातली गोष्ट. माझ्या आत्याच्या लग्नाचा एक फोटो होता, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेने वाळवी लागलेला. पाच वर्षांपूर्वी घरच्यांनी तो एका दुकानात 'नवा करायला' दिला. नवा होऊन आला : गुळगुळीत, रंगीत, मांडवाच्या जागी फुलांचा पडदा. सगळे खूष झाले. मी विचारले, जुना कुठे? दुकानदार म्हणाला, "तो अगदी खराब झाला होता साहेब, टाकला." त्या पुठ्ठ्याच्या मागे आजोबांनी पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहिली होती, डावीकडून उजवीकडे. आत्या आता नाही. फोटोत मागच्या रांगेत सात माणसे आहेत. ती आमची कोण, हे सांगू शकेल असे आज कोणी नाही. त्यांचे चेहरे मात्र फार स्वच्छ आले आहेत.

तो दुकानदार दुष्ट नव्हता. त्याला वाटले, फोटो म्हणजे पुढची बाजू. आपल्यालाही तसेच वाटते, म्हणून आपण पुढची बाजू स्कॅन करतो आणि मागची करत नाही.

मी सॉफ्टवेअरचा वैरी नाही. गिम्प माझ्या संगणकावर रोज उघडते. उजेड-अंधाराचा समतोल साधून पुसट अक्षर वाचता येत असेल तर जरूर साधावा. तेथे आपण चित्रात आहे तेच वर आणतो. ओरखडा भरणे, डाग काढणे, तिरके स्कॅन सरळ करणे, हेही मी करतो, पण प्रतीवर. 'जनरेटिव्ह' भरण, रंग, नवे तपशील, हसू, हालचाल ही निराळी जात. तेथे चित्रात नसलेले आत येते. ते करूच नका असे मी म्हणत नाही. नाटकात राणी लक्ष्मीबाई रंगमंचावर येतेच की. पण नटी अंगावरचा शालू म्युझियमला विकत नाही.

तर माझ्या मागण्या अशा. मूळ स्कॅन मोठ्या आकारात, टिफमध्ये, दोन्ही बाजूंचे, आणि त्याला पुन्हा हात नाही. जेपेग पुन्हा पुन्हा साठवले की दर वेळी काहीतरी झडते. बदल वेगळ्या लेअरवर, म्हणजे काय केले ते उद्या दाखवता येते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो आक्रसतो आणि त्याच्या पोटातली माहिती, तारीख वगैरे, गळून पडते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाईल जशीच्या तशी जाते. चित्र कोणत्या संग्रहातले, ते लिहा. आणि रंग भरलेच असतील तर 'रंग काल्पनिक' हे शब्द पोस्टमध्ये लिहून भागणार नाही, कारण पोस्ट मागे राहते आणि चित्र पुढे जाते. ते चित्रावरच, खालच्या कडेस, लिहा. १८८५ च्या त्या छायाचित्राखालची चुकीची अक्षरेसुद्धा आपल्यापर्यंत पोहोचली, ती चित्राच्याच अंगावर होती म्हणून.

"चौकटीत अक्षरे घातली की चित्र विद्रूप होते," असे एका मित्राने मला ऐकवले. होते खरे. शिलालेखांनीही दगड विद्रूप होतात.

आता माझ्याविषयी. चार वर्षांपूर्वी, ८ मार्चला, मी याच खात्यावरून आनंदीबाईंचे एक रंगीत चित्र टाकले होते. लुगडे तेव्हा जांभळे होते. ओकामी आणि इस्लामबुली त्यात नव्हत्या. 'मूळ' हा शब्द मी वापरला नव्हता, पण 'काल्पनिक' हाही वापरला नव्हता. ती माझ्या सर्वाधिक पसरलेल्या पोस्टांपैकी एक आहे. गेल्या महिन्यात एका शाळेच्या प्रदर्शनात ते जांभळे चित्र मला फलकावर भेटले. शेजारी एका विद्यार्थिनीने सुंदर अक्षरात लिहिले होते की आनंदीबाईंना जांभळा रंग आवडत असे.

त्या मुलीला हे मी तिथेच सांगायला हवे होते. सांगितले नाही, तिचे शिक्षक शेजारी उभे होते, ती फार आनंदात होती, आणि मला लाज वाटली. ती जुनी पोस्ट मी पुसलेली नाही. तिच्याखाली आज दुरुस्ती जोडली आहे आणि तिघींचे संपूर्ण छायाचित्र, खालच्या अक्षरांसकट, लावले आहे. प्रदर्शनासाठी त्याची मोठी प्रत आज त्या शाळेच्या पत्त्यावर रवाना केली. लुगड्याच्या रंगापुढे 'अज्ञात' असे लिहिले आहे.